सातच्या बातम्यांचा माणूस : वृत्तनिवेदकाची निवृत्ती आणि बीडचा प्रेक्षक

दूरचित्रवाणीवर बातम्या देणारा माणूस निवृत्त होतो तेव्हा प्रेक्षकांना वाटणारी हळहळ खरी असते. ज्याच्याशी कधी बोलणे झाले नाही, ज्याला आपले नावही ठाऊक नाही, त्याच्या जाण्याने घरात चुकल्याचुकल्यासारखे होते. अमेरिकेत किंवा कॅनडात अशा वेळी शेवटच्या बातमीपत्राची तारीख आधी जाहीर होते, निवेदक निरोपाचे चार शब्द बोलतो, प्रेक्षक पत्रे लिहितात. मराठीत असा प्रसंग जवळजवळ घडलेलाच नाही. मुंबई दूरदर्शनच्या पहिल्या पिढीतले वृत्तनिवेदक एकेक करून पडद्यावरून गेले, पण नेमके कधी गेले हे बहुतेकांना सांगता येणार नाही. प्रेक्षकांच्या भावना उफाळून आल्या त्या पुष्कळ नंतर, मृत्यूची बातमी आल्यावर. प्रदीप भिडे यांचे निधन ७ जून २०२२ रोजी झाले, डॉ. विश्वास मेहेंदळे यांचे जानेवारी २०२३ मध्ये, प्रा. अनंत भावे यांचे २०२४ मध्ये. निवृत्तीच्या वेळी जे बोलायचे राहून गेले होते ते लोकांनी श्रद्धांजलीत बोलून घेतले. हा निरोप इतका लांबला कशामुळे, आणि मुंबईपासून दूर असलेल्या बीडसारख्या जिल्ह्यात या माणसांचे स्थान काय होते, हा येथे विवेचनाचा विषय आहे.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. मराठी बातम्या देणाऱ्यांच्या पहिल्या फळीत मेहेंदळे यांचे नाव सर्वांत आधी घेतले जाते. केंद्राचे पहिले मराठी वृत्तनिवेदक अशीच त्यांची ओळख राहिली. भक्ती बर्वे आणि स्मिता पाटील यांचे चेहरे महाराष्ट्राला प्रथम परिचित झाले ते याच छोट्या पडद्यावरून. स्मिता पाटील यांना श्याम बेनेगलांनी चित्रपटात आणले ते बातम्या देताना पाहिल्यानंतर. पुढे चारुशीला पटवर्धन, अनंत भावे आणि प्रदीप भिडे ही नावे घरोघरी झाली. यांतल्या बहुतेकांचा पोटापाण्याचा उद्योग वेगळा होता. भावे मराठीचे प्राध्यापक आणि मुलांसाठी लिहिणारे कवी-लेखक, बालसाहित्यासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले. बर्वे रंगभूमीवरच्या अभिनेत्री. भिडे यांनी पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारितेचे शिक्षण घेतले, खासगी कंपनीत जनसंपर्काचे काम केले आणि आवाजाच्या बळावर जाहिराती, माहितीपट व सूत्रसंचालन यांचा मोठा व्याप उभा केला.

यांतली बहुतेक माणसे दूरदर्शनची कायम नोकर नव्हती. वृत्त विभागात बातम्या निवडणारे, लिहिणारे, भाषांतर करणारे वेगळे. तयार झालेले कागद कॅमेऱ्यासमोर वाचणारा वेगळा. या वाचणाऱ्याला महिन्यातल्या ठरावीक पाळ्या मिळत आणि पाळीमागे मानधन मिळे. कागदोपत्री तो ‘कॅज्युअल’. निवृत्तीचे वय, सेवापुस्तिका, निवृत्तिवेतन, निरोपसमारंभ यांपैकी काहीही त्याच्या वाट्याला येत नसे. पाळ्या कमी होत जात, एखाद्या महिन्यात बोलावणे येत नसे, आणि तेवढ्यावर एक कारकीर्द संपत असे. संस्थेच्या दृष्टीने कोणी गेलेच नव्हते, त्यामुळे कोणाला कळवायचेही नव्हते. प्रेक्षकाच्या लेखी मात्र बातम्या म्हणजे तोच माणूस होता. संस्थेने ज्याला पाळीपुरता धरला त्याला घराने कायमचा धरला होता, आणि निरोप लांबण्याचे मूळ या विसंगतीत आहे.

बीड जिल्ह्यापर्यंत हा चेहरा पोचायला बराच काळ गेला. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे खेड्यांत दूरचित्रवाणी नेण्याचा जो मोठा प्रयोग देशात झाला, त्यात सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावे होती. महाराष्ट्र त्यात नव्हता. शेजारच्या कर्नाटकातली गावे होती, मराठवाडा नव्हता. येथे बातमीचे साधन म्हणजे रेडिओ. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून येणाऱ्या प्रादेशिक बातम्या हे उभ्या महाराष्ट्राचे घड्याळ होते आणि पुणे केंद्राच्या सुधा नरवणे यांचा आवाज त्या घड्याळाशी जोडला गेला होता. वृत्तनिवेदकाशी नाते जडण्याची सवय बीडच्या श्रोत्याला रेडिओने आधीच लावली होती. परभणी आणि औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, ही जवळची आकाशवाणी केंद्रे. बीडचे स्वतःचे एफएम केंद्र पुढे १०२.९ मेगाहर्ट्‌झवर आले.

इन्सॅट-१बी हा उपग्रह ऑगस्ट १९८३ मध्ये अवकाशात गेला आणि १९८४ मध्ये देशभर प्रक्षेपक उभारण्याचा धडाका सुरू झाला. काही महिने तर दिवसाला सरासरी एक नवा प्रक्षेपक या गतीने काम चालले. तालुक्याच्या गावी बसवलेले लघुशक्ती प्रक्षेपक मुख्यतः दिल्लीचे कार्यक्रम पुढे पाठवत. मुंबईच्या मराठी बातम्या सर्वत्र सारख्या दिसत नसत. जिल्ह्यातले अंबाजोगाईचे सहक्षेपण केंद्र या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. पण बालाघाटाच्या रांगा जिल्ह्याच्या मधून जातात. अंबाजोगाई, केज, परळीकडे चित्र स्वच्छ, तर पाटोदा-आष्टीच्या डोंगराळ भागात तेच चित्र मुंग्यांनी भरलेले, हे नेहमीचे होते.

त्या काळातल्या पाहण्याचा एक भाग घराबाहेर चाले. माळवदावर किंवा पत्र्यावर लोखंडी नळीला बांधलेला ॲल्युमिनियमचा अँटेना. वर तो फिरवणारा घरातला धाकटा मुलगा. खाली दारात उभा राहून आत पडद्याकडे आणि वर आभाळाकडे आळीपाळीने पाहणारा दुसरा. ‘आलं का रं?’ ‘आलं, आलं… थांब… गेलं की!’ वाऱ्याने नळी फिरली की पुन्हा तेच. मुंग्यांमधून हळूहळू खांदे दिसू लागत, मग टेबल, मग टेबलावरचे कागद, आणि शेवटी चेहरा स्थिर होई. चित्र अजिबात आले नाही तरी आवाज बहुधा येत असे, आणि घरे त्यावर समाधान मानत. वृत्तनिवेदकाच्या आवाजाला बीडकडे जे महत्त्व आले त्यात या अर्धवट चित्राचा वाटा आहे. चेहरा धूसर असताना शब्द स्पष्ट ऐकू येत होते.

गावात संच मोजके होते. ज्यांच्याकडे असेल त्यांच्या ओसरीवर किंवा ग्रामपंचायतीत लोक जमत. छायागीत आणि रविवारचा सिनेमा यांना गर्दी होई. बातम्यांना गर्दी नसे, पण ठरलेली माणसे असत. शिक्षक, ग्रामसेवक, सेवा सोसायटीचे संचालक, दोन-चार म्हातारे. बाकीचे कार्यक्रम करमणुकीत मोडत, सातच्या बातम्यांना मात्र कामाचा दर्जा होता. बाजारभाव, पाऊसपाणी, मंत्रिमंडळाचे निर्णय, परीक्षांचे निकाल यांची खातरजमा त्यातून होई. पेपरात आलेले खोटे असू शकते, माणसाने सांगितलेले तर असतेच. सातला सांगितले म्हणजे झाले, असा तेव्हाचा हिशेब होता.

हा विश्वास सरकारी माध्यमावर होता की माणसावर, हे वेगळे काढून पाहिले पाहिजे. दूरदर्शन सरकारचे आहे, तेथे सरकारला न रुचणारे फारसे येणार नाही, हे बीडच्या प्रेक्षकालाही कळत होते. आणीबाणी लोकांनी पाहिली होती. तरीही वृत्तनिवेदकावर कोणी सरकारचा माणूस असल्याचा ठपका ठेवला नाही. तो स्वतःचे मत देत नसे, ही त्यामागची मुख्य गोष्ट. भुवया, खांदे, सूर यांतून तो बातमीच्या बाजूने किंवा विरुद्ध काही सुचवत नसे. निधनाची बातमी आणि क्रिकेटची बातमी यांत सूर बदलत असे, पण तो बातमीच्या वजनाप्रमाणे. या संयमाला लोक ‘भारदस्त’ म्हणत. भिडे यांच्या निधनानंतर लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांत हा शब्द पुन्हा पुन्हा आला. तो आवाजासाठी वापरला गेला तरी त्यात वागणुकीची दखलही होती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. बीड लागूनच असल्याने जमीन येथेही हादरली होती. मराठी वृत्तवाहिनी तेव्हा एकही नव्हती. पुढचे कित्येक दिवस लोक रेडिओ आणि दूरदर्शन यांच्या वेळांवर जगले, कारण नातेवाइकांची गावे त्या पट्ट्यात होती आणि फोन सर्वत्र नव्हते. अशा वेळी बातमी देणाऱ्याकडून धीराचे शब्द नको असतात. आकडा नीट सांगावा, गावाचे नाव चुकू नये, एवढीच अपेक्षा असते. त्या आठवड्यांत बातम्या देणाऱ्यांना मराठवाड्याने पुढे वर्षानुवर्षे मनात ठेवले.

गावाचे नाव न चुकणे ही बीडच्या प्रेक्षकाच्या दृष्टीने लहान बाब नव्हती. मुंबईच्या बातमीपत्रात बीडचे नाव क्वचित येई: दुष्काळ, टँकर, ऊसतोड कामगारांच्या मजुरीचा प्रश्न, निवडणूक, अपघात. गेवराई, वडवणी, धारूर, शिरूर कासार ही नावे त्या स्वच्छ आवाजात उच्चारली गेली की घरातली माणसे कामे टाकून पडद्याकडे वळत. आपले गाव राज्यात असल्याची ती नोंद होती. निजामाच्या राजवटीतून १७ सप्टेंबर १९४८ ला सुटलेल्या आणि १९६० ला महाराष्ट्रात सामील झालेल्या या भागाला मुंबईच्या तोंडून आपले नाव ऐकण्याची सवय नव्हती.

भाषेचा भाग याहून खोल आहे. बीडच्या घरात माणूस ‘जायलाय’, ‘करायलाय’, ‘लई’ असे बोलतो; बातम्यांतला माणूस ‘जात आहे’, ‘करीत आहे’ म्हणत असे. पुस्तकातली मराठी लोकांना माहीत होती, पण ती तोंडाने कशी बोलायची हे दाखवणारे कोणी जवळ नव्हते. शाळेतल्या गुरुजींचीही बोली तीच होती. वृत्तनिवेदकाने ही अडचण सोडवली. जिल्हा परिषदेच्या शाळांतला परिपाठ याची साक्ष देतो. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष झाले की एक मुलगा किंवा मुलगी पुढे येते, वहीतल्या चार ठळक बातम्या वाचते. ‘नमस्कार’ म्हणताना मान किंचित झुकते, प्रत्येक बातमीनंतर एक श्वासाची विश्रांती असते, शेवटचे क्रियापद ठामपणे खाली उतरते. ही ढब मुलांना पाठ्यपुस्तकाने दिलेली नाही. ती पडद्यावरून शिक्षकांत आणि शिक्षकांकडून मुलांत आली, आणि मूळ माणसे पडद्यावरून गेल्यानंतरही शाळांत टिकली. वक्तृत्व स्पर्धा, स्नेहसंमेलनाचे सूत्रसंचालन, निवडणुकीतल्या रिक्षांवरच्या घोषणा यांतही ती ऐकू येते.

या प्रभावाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपली बोली बातमीच्या लायकीची नाही, असा समज त्यातूनच पक्का झाला. बीडच्या मुलाने मुंबईत तोंड उघडण्याआधी दोनदा विचार करायचा, हे बरीच वर्षे चालले. त्या पिढीच्या निवेदकांचा हा दोष नव्हता. त्यांच्याकडून शुद्ध उच्चारांची अपेक्षा होती आणि ती त्यांनी निष्ठेने पूर्ण केली. पण त्यांच्याविषयी बीडकडे जो आदर आहे त्यात थोडे अंतरही मिसळलेले आहे. पुण्या-मुंबईच्या श्रद्धांजल्यांत घरच्या माणसाची आठवण अधिक दिसते. मराठवाड्यात मास्तरांची आठवण काढावी तसा सूर लागतो.

न भेटलेल्या माणसाविषयी एवढी जवळीक का वाटते, याचा अभ्यास अमेरिकेत दूरचित्रवाणी नवी असतानाच सुरू झाला. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्ये एका निबंधात असे मांडले की पडद्यावरचा माणूस थेट डोळ्यांत पाहून, समोर बसल्यासारखा बोलतो, आणि पाहणारा नकळत त्या बोलण्याला प्रतिसाद देत जातो. नाते एकतर्फी असते, पण ते रोज ठरल्या वेळी घडत असल्याने त्याला भरवसा येतो. नाटकातली किंवा मालिकेतली पात्रे बदलतात, संकटात सापडतात. बातम्या देणारा रोज तसाच येतो. त्यामुळे या नात्यात वृत्तनिवेदकाचे स्थान विशेष घट्ट असते. मराठी घरांत त्याच्या ‘नमस्कारा’ला उलट नमस्कार करणाऱ्या आजी होत्या, ही गोष्ट पुष्कळ कुटुंबांत हसून सांगितली जाते. त्या आजी भाबड्या नव्हत्या. समोरच्याने नमस्कार केल्यावर गप्प बसणे त्यांच्या रीतीत बसत नव्हते.

त्याआधीचा एक अभ्यास बीडच्या अनुभवाला अधिक जवळचा आहे. १९४५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये वृत्तपत्रे पोचवणाऱ्यांचा संप झाला आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ लोकांच्या दारात पेपर आला नाही. बर्नार्ड बेरलसन यांनी तेव्हा वाचकांना विचारले की नेमके काय चुकल्यासारखे वाटते. जगात काय चालले आहे हे कळत नाही, असे बहुतेकांनी सांगितले; पण अधिक खोदून विचारल्यावर कोणत्या बातमीची वाट पाहत होता हे फार थोड्यांना सांगता आले. चुकत होती ती वाचण्याची सवय, दिवसाची बसलेली घडी. वृत्तनिवेदक गेल्यावर प्रेक्षक जे बोलतात त्यातही बातम्यांचा उल्लेख जवळजवळ नसतो. भिडे किंवा भावे यांनी दिलेली अमुक बातमी आठवते, असे सांगणारे थोडे. संध्याकाळचा स्वयंपाक, देवाजवळचा दिवा, बातम्या संपेपर्यंत गप्प बसायची वडिलांची ताकीद, शेजाऱ्यांकडे जाऊन जमिनीवर मांडी घालून पाहणे, या गोष्टी मात्र सगळ्यांना आठवतात. इस्रायली संशोधक जोनाथन कोहेन यांनी या शतकाच्या सुरुवातीला पडद्यावरच्या आवडत्या व्यक्ती दिसेनाशा झाल्या तर होणाऱ्या दुःखाचा अभ्यास केला. प्रत्यक्ष नाते तुटल्यासारखेच ते दुःख असते, पण त्याची तीव्रता कमी असते, असे त्यांना आढळले. मराठीतल्या उशिराच्या श्रद्धांजल्यांत ही तीव्रता वाढलेली दिसते, कारण तोवर त्या ओसरीवरचे वडील आणि आजीही गेलेले असतात. एका निवेदकाच्या निमित्ताने लोक आपल्या घरातल्या माणसांचा शोक करतात, आणि त्यात वावगे काही नाही.

निरोप वेळेवर दिला गेला तर काय होते, याची उदाहरणे बाहेर आहेत. सीबीएस वाहिनीचे वॉल्टर क्रॉंकाइट १९६२ पासून संध्याकाळच्या बातम्या देत होते. ६ मार्च १९८१ रोजी त्यांनी शेवटचे बातमीपत्र दिले. तारीख आधीपासून ठाऊक होती, जागेवर येणाऱ्याचे नाव ठाऊक होते, आणि क्रॉंकाइट स्वतः थोडक्यात बोलून उठले. कॅनडात सीटीव्ही वाहिनीचे लॉइड रॉबर्टसन २०११ मध्ये ७७ व्या वर्षी सन्मानाने निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या लिसा लाफ्लाम यांचा करार २०२२ मध्ये वाहिनीने अचानक संपवला. त्या ५८ वर्षांच्या होत्या आणि केस रंगवणे त्यांनी सोडले होते. वाहिनीने तो व्यावसायिक निर्णय असल्याचे सांगितले. प्रेक्षकांनी ते मानले नाही. पुरुषाला पिकलेल्या केसांनी वजन येते आणि बाईची त्याच केसांनी जागा जाते, हा प्रश्न देशभर विचारला गेला. पडद्यावरून माणूस कसा जातो यावर प्रेक्षक आपला हक्क समजतात, हे त्यातून उघड झाले.

भारतात सलमा सुलतान यांनी जवळपास तीन दशके दिल्ली दूरदर्शनवर हिंदी बातम्या दिल्या. केसांत माळलेल्या गुलाबासाठी त्या अजून ओळखल्या जातात. मराठीतल्या स्त्री-निवेदकांच्या साड्या, अंबाडे, कुंकू यांविषयी घराघरांत चर्चा होत असे आणि त्यात कौतुकच अधिक असे. पण किती वर्षांनी, कोणत्या वयात त्या पडद्यावरून दिसेनाशा झाल्या, हे कोणी विचारले नाही. लाफ्लाम यांच्या वेळी जो प्रश्न उभा राहिला तो येथे उभा राहण्याची सोयच नव्हती, कारण कोणाला काढले जात नव्हते. फक्त बोलावले जात नव्हते.

मुंबई केंद्राची मराठी वाहिनी १९९० च्या दशकात उपग्रहावर गेली आणि २००० मध्ये तिला सह्याद्री हे नाव मिळाले. त्याच वर्षी ई-टीव्ही मराठी सुरू झाली. तिच्या बातम्या हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून येत आणि त्यांत जिल्ह्याजिल्ह्यांच्या बातम्यांना मोठी जागा असे. बीडचे नाव आता क्वचित ऐकू येणारे राहिले नाही. २००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा, २००८ मध्ये आयबीएन लोकमत अशा चोवीस तासांच्या वाहिन्या आल्या. बातम्यांची वेळ संपली. बातम्या कायमच्या चालू झाल्या. सातचा माणूस असण्यासाठी सात वाजावे लागतात.

या वाहिन्यांवरचा निवेदक पत्रकार आहे, तो प्रश्न विचारतो, वाद घडवतो, रस्त्यावर उतरतो. त्याचे चाहते असतात आणि त्याच्यावर चिडणारेही असतात. तो वाहिनी सोडतो तेव्हा बहुतेक वेळा दुसऱ्या वाहिनीवर किंवा स्वतःच्या यूट्यूब चॅनलवर दिसू लागतो. त्यामुळे प्रेक्षकाची प्रतिक्रिया शोकाची नसते. ‘हल्ली तो कुठे असतो?’ असा प्रश्न असतो. ३ जून २०१४ रोजी सकाळी दिल्लीत गोपीनाथ मुंडे यांचे अपघाती निधन झाले, तेव्हा बीड जिल्ह्याने ती बातमी याच वाहिन्यांवरून क्षणाक्षणाने पाहिली. केंद्रात मंत्री होऊन त्यांना आठवडाच झाला होता. दुसऱ्या दिवशी परळीत झालेले अंत्यसंस्कार थेट दाखवले गेले. निवेदक बदलत होते, पट्ट्या धावत होत्या, दृश्ये पुन्हा पुन्हा येत होती. एवढी मोठी बातमी कोणाच्या तोंडून ऐकली, हे जिल्ह्यात फारसे कोणाला आठवत नाही. कोणत्या वाहिनीवर पाहिली, हे आठवते.

दरम्यान जिल्ह्यात आणखी एक निवेदक तयार झाला होता. केबलचा धंदा करणाऱ्यांनी शहरांत स्वतःच्या स्थानिक वाहिन्या चालवल्या. गणपतीच्या मिरवणुका, नगरपालिकेच्या सभा, शाळांचे कार्यक्रम, वाढदिवसांच्या जाहिराती आणि संध्याकाळी अर्धा तास गावच्या बातम्या. दुकानाच्या मागच्या खोलीत निळा किंवा हिरवा पडदा, एक ट्यूबलाइट, एक कॅमेरा. येथे बातम्या देणारा तरुण सकाळी बाजारात भेटे. एखादे आडनाव चुकले तर त्याला चौकात अडवून सांगणारे असत. हा निवेदक निवृत्त झाला किंवा पोटासाठी पुण्याला गेला तर लोकांना ते लगेच कळे, कारण तो खरोखरच ओळखीचा होता. केबलच्या डिजिटलीकरणाचे शेवटचे टप्पे २०१५ ते २०१७ या काळात झाले, सेट-टॉप बॉक्स आले आणि या लहान वाहिन्यांचा पाया खचला. पुष्कळ जण मोबाइलकडे वळले. आज हातात माइक घेऊन तहसीलसमोर उभा राहणारा मुलगा त्यांचाच वारस आहे. त्याच्या कामाच्या अटी दूरदर्शनच्या कॅज्युअल निवेदकाहूनही कच्च्या आहेत: पाळी नाही, ठरलेले मानधन नाही, आणि धमकी आली तर पाठीशी संस्था नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे पाहणे याहून वेगळे राहिले. दिवाळीनंतर जिल्ह्यातून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या फडांवर जातात, ती पाडव्याच्या सुमारास परततात. वर्षातले पाच-सहा महिने फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहणाऱ्या या घरांना सातच्या बातम्यांची सलग सवय कधी लागलीच नाही. वीज हीही अडचण होती. परळीत औष्णिक वीज केंद्र असलेल्या या जिल्ह्याच्या खेड्यांत भारनियमन नेमके संध्याकाळी येई. त्यामुळे वृत्तनिवेदकाविषयीची जी हळहळ वर वर्णिली आहे ती सगळ्या बीडची नाही. ज्यांच्या घरात संच होता, लाईट होती आणि जे वर्षभर घरी होते, त्यांची ती आहे. मराठी माध्यमांच्या आठवणी लिहिताना ही मर्यादा बहुधा विसरली जाते.

त्या काळातली बातमीपत्रे आज पाहायची म्हटले तर फार थोडी हाती लागतात. बातम्या थेट प्रसारित होत. फीत महाग होती आणि तीच पुन्हा वापरली जाई. मेहेंदळे, भावे, भिडे यांची बातमीपत्रे किती हजार भरली असतील. उरलेली मात्र फुटकळ आहेत. प्रेक्षकांच्या आठवणींना त्यामुळे केवळ भावनेचे मोल नाही. निवेदक कसा बसे, कागद कसा उलटे, विरामाला किती थांबे, याची नोंद आता मुख्यतः पाहणाऱ्यांकडेच आहे, आणि ती पिढीही साठी-सत्तरीत पोचली आहे. विद्यापीठांचे पत्रकारिता विभाग, जिल्ह्यातली महाविद्यालये आणि वाचनालये यांनी या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवण्यासारख्या आहेत. श्रद्धांजलीच्या दोन दिवसांत जे लिहिले जाते त्याहून हे साहित्य अधिक तपशिलाचे असेल.

मुंबई केंद्राने २ ऑक्टोबर २०२२ रोजी पन्नास वर्षे पूर्ण केली. भिडे त्याआधी सुमारे चार महिने गेले होते. चार दशकांहून अधिक काळ बातम्या दिलेल्या या निवेदकाच्या निधनानंतर समाजमाध्यमांवर आणि वृत्तपत्रांत जो ओघ आला तोच त्यांच्या निवृत्तीचा खरा समारंभ होता. याच सुमारास प्रसार भारतीने जमिनीवरचे बहुतेक जुने ॲनालॉग प्रक्षेपक देशभर बंद केले. अँटेना फिरवून चित्र धरण्याचे दिवस त्यापूर्वीच संपले होते. सह्याद्री आता बीडच्या खेड्यांत छपरावरच्या फ्री डिशमधून किंवा मोबाइलवर येते. बातम्या आजही रोज दिल्या जातात, आणि त्या देणाऱ्यांतले अनेक जण अजूनही पाळीवर बोलावलेले असतात.